चौथ्या पायरीवरची चूक

१८४३ साली ॲडा लव्हलेसने बॅबेजच्या ॲनॅलिटिकल इंजिनावरील मेनाब्रियाच्या फ्रेंच लेखाचा इंग्रजी अनुवाद केला आणि त्याला मूळ लेखापेक्षा लांबलचक टिपा जोडल्या. शेवटच्या टिपेत बर्नूली संख्या काढण्याचा तक्ता आहे. छापील तक्त्याच्या चौथ्या पायरीवर भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झाली आहे. चूक तिची की छापखान्याची, हा वाद सोडून देऊ. यंत्र कधी पुरे झालेच नाही, तेव्हा तक्ता चालवून बघणार कशावर? आणि छापील कोष्टकांतल्या चुकांना वैतागूनच तर बॅबेज यंत्रांच्या मागे लागला होता.

लिहिलेले चालवून बघता येत नाही, या अडचणीवर पुढे हार्डवेअरवाल्यांनी उपाय शोधला होता. १९८०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याला पुरवठादारांच्या चिप नेमक्या कशा वागतात, हे निःसंदिग्ध लिहून हवे होते. त्यातून व्हीएचडीएल घडली आणि १९८७मध्ये ती आयईईईचे मानक झाली. ही भाषा मुळात दस्तऐवजासाठी होती, आणि तो दस्तऐवज सिम्युलेटरवर चालत असे. मग सिंथेसिसची साधने आली, वर्णनाचाच आराखडा झाला, आणि आराखड्याविषयीची माहिती पुन्हा न चालणाऱ्या पुस्तिकांत जाऊन बसली.

ती परत चालती केली सॉफ्टवेअरवाल्यांनी. पायथनच्या २.१ आवृत्तीत, २००१ साली, टिम पीटर्सचे डॉकटेस्ट आले: माहितीपर मजकुरातले उदाहरण चालवायचे आणि येणारे उत्तर छापलेल्या उत्तराशी ताडून बघायचे. हॅस्केल या भाषेनेही ते उचलले. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात जन्मलेल्या क्लॅशमध्ये सर्किट हॅस्केलमध्ये लिहितात आणि त्यातून व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग काढतात. तिथे ही पद्धत फार उपयोगी पडते. ८ ही सुरुवातीची किंमत असलेल्या रजिस्टरला १, १, २, ३, ४ दिले, तर बाहेर येते ८, ८, १, २, ३. दुसरा ८ कुठून आला? पहिल्या क्लॉक सायकलला रीसेट चालू असतो, म्हणून तेव्हाचा १ वाया जातो. एका सायकलचा हा फरक नुसते वाचून भल्याभल्यांना दिसत नाही. उद्या रीसेटचा नियम बदलला, तर चाचणी लगेच बोंब मारील; माणूस मात्र जुनेच उत्तर वर्षानुवर्षे शिकवत राहील.

अर्थात डॉकटेस्ट तपासते ते हॅस्केलमधले वर्तन. निघालेले व्हेरिलॉग तसेच वागते का, हे बघण्यासाठी टेस्टबेंच वेगळा लावावा लागतो, आणि त्याचा कंटाळा अनेक जण करतात.

माझी खरी तक्रार मात्र चाचणीसाठी घासूनपुसून घेतलेल्या उदाहरणांबद्दल आहे. ब्लॉक रॅममधून पहिल्या सायकलला येणारी किंमत अनिश्चित असते. ती छापली की उदाहरण ओबडधोबड दिसते, म्हणून लिहिणारा पहिला आकडा गाळून पुढचे देतो. चाचणी पास होते. पण नवशिक्या डिझायनरला नडणार आहे तो नेमका गाळलेला आकडा. तिथे 'अनिश्चित' असेच छापावे, आणि चाचणीनेही त्याचीच अपेक्षा ठेवावी.