मासा कुठला, ते बिलावर लिहा

मुक्ताईनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरचे पंप आणि कूलरच्या मोटारी हे रोजचं काम. घरी मात्र समुद्राच्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात क्लाउनफिशची जोडी. त्यामुळे आसपास कुणी खाऱ्या पाण्याचा मासा आणला की विचारपूस माझ्याकडे येते. एप्रिल लागला की फोन वाढतात. ‘भाऊ, मासा वरतीच येऊन राह्यला, नुसतं तोंड हालवून राह्यला.’ पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात वीज जाते, पंप थांबतो, पाण्याची हालचाल बंद होते. मासा वर येतो तो श्वासासाठी.

यावर काही जाणकार म्हणतात, पारा पंचेचाळीसला टेकणाऱ्या जिल्ह्यात समुद्री मासा ठेवूच नये. मला हे पटत नाही. क्लाउनफिशला साधारण चोवीस ते सत्तावीस अंशाचं पाणी लागतं, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते राखायची एक सोय आहे, जी मुंबईकराला तितकीशी मिळत नाही. टाकीचं झाकण काढून पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. टाकी असलेली खोलीही थंड हवी, हे आलंच. पत्र्याच्या घरात मे महिन्यात नुसत्या पंख्याने भागणार नाही, तिथे चिलर घ्यावा लागतो. तो परवडत नसेल तर टाकी करू नये. पंप इन्व्हर्टरवर हवाच. फ्रिज बंद राहिला तरी चालेल, पंप नाही.

पंख्याचा एक हिशेब मात्र रोज सांभाळावा लागतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. समुद्रात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीत सात किलो. त्यातलं दहा लिटर पाणी उडालं की उरलेल्यात लिटरमागे जवळपास सदतीस ग्रॅम होतात. मी काचेवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरायचं, खारं नाही. तेही बोअरचं नाही, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. वीस लिटरच्या आरओच्या जारचं पाणी चालतं, पण प्रत्येक जार टीडीएस मीटरने तपासून. कडेला साचलेला मिठाचा पांढरा थर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, नाहीतर तो वायरीच्या जोडापर्यंत चढतो. मोटारीचं काम करणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

ही झाली मेहनत. ती करायला आपली माणसं कमी पडत नाहीत. ठिबकवर केळी जगवणाऱ्या तालुक्यात पाण्याचं गणित कुणाला शिकवायला नको. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या गोष्टीबद्दल आहे. दुकानातला मासा आला कुठून?

क्लाउनफिश प्रवाळाच्या उथळ समुद्रात समुद्रफुलाच्या आधाराने राहतो. एका समुद्रफुलात छोटा गट असतो. सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालचा नर, बाकीची पिल्लं. सगळे जन्मतः नर. मादी गेली की तिचा नर मादी होतो आणि पिल्लांमधला थोरला नराच्या जागी येतो. म्हणजे जाळ्याने मादी उचलली की आख्ख्या घराची घडी विस्कटते. उरलेल्यांची पुन्हा जोडी जमेपर्यंत तिथे अंडी पडत नाहीत. काही जातींच्या समुद्रफुलांचंही यात नुकसान होतं, कारण त्यांचे दोरे कुरतडणाऱ्या माशांना हाकलणारं कुणी उरत नाही. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात असे शोभेचे मासे सायनाइड फवारून गुंगवून पकडल्याच्या नोंदी आहेत. असा मासा पकडताना वाचला तरी नंतर फार काळ टिकेलच असं नाही. आणि समुद्र स्वतःच तापतो आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळांना 1998, 2010 आणि 2016 मध्ये उष्णतेने मोठा फटका बसला. अशा ठिकाणाहून आपल्या हॉलसाठी आणखी एक मासा काढायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

काढायची गरजही नाही. क्लाउनफिशचं प्रजनन टाकीत होतं; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते कधीच करून दाखवलं. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य अनुवांशिक संसाधन ब्युरोने मिळून शोभेच्या समुद्री माशांचं बीजोत्पादन केंद्र उभं केलं आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर याच ब्युरोने तिथल्या बायकांना हे मासे वाढवायला शिकवलं. जोडी एखादा दगड तोंडाने घासून स्वच्छ करते, त्यावर नारिंगी अंडी चिकटवते, आणि आठवडाभर नर त्यांना पंखांनी वारा घालत बसतो. मेलेलं अंडं तोंडाने उचलून बाजूला करतो. पिल्लं रात्री, अंधारात बाहेर पडतात आणि त्यांना आधी रोटिफर, मग आर्टेमिया खाऊ घालावा लागतो. हे निगुतीचं काम आहे, त्यात घरबसल्या उत्पन्न आहे. असं टाकीत जन्मलेलं पिल्लू दाणेदार खाद्य पहिल्यापासून ओळखतं, काचेला बुजत नाही. त्याला समुद्रफूलही लागत नाही, साध्या दगडाच्या कपारीत ते खुशाल राहतं.

2017 मध्ये केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले. विक्रीला मनाई असलेल्या माशांच्या यादीत क्लाउनफिशही होता. पुढे ते नियम मागे घेतले गेले. सरसकट बंदी मला तेव्हाही नको होती, आजही नको. तिने ऐरोलीच्या पिल्लालाही बाजार बंद झाला असता. पण मासा कुठे जन्मला, हे विचारणारं कुणीतरी हवं. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, समुद्रघोड्याला आहे. क्लाउनफिशला तसं नाही, म्हणून निदान प्रत्येक बिलावर ‘केंद्रात वाढवलेला’ की ‘समुद्रातून पकडलेला’ एवढं लिहिणं सक्तीचं करावं. बियाण्याच्या पाकिटावर कंपनी, लॉट नंबर, उगवणक्षमता सगळं छापलेलं असल्याशिवाय आपण कपाशी लावत नाही. जिवंत माशाच्या बिलावर एक ओळ जड नाही.

आणि मत्स्यव्यवसाय विभागाने ऐरोलीची पिल्लं जळगाव, धुळ्यापर्यंत पोचतील अशी व्यवस्था करावी. आज इथल्या माणसाला मुंबईहून पिशवी आणावी लागते, रेल्वेत तिचं पाणी तापतं. जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकृत विक्रेता असेल तर ही वाहतूक थंडीच्या महिन्यांत, एकदाच, नीट होईल. नवी टाकी सुरू केल्यावर माशांची घाण पचवणारे जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर मासा सोडू नये. दिवाळीनंतर टाकी भरली तर जानेवारीत मासा येतो आणि मे महिन्याआधी त्याला तीन-चार महिने रुळायला मिळतात. विभागाने पिल्लं द्यायची तर ती त्याच सुमाराला द्यावीत.