अंगावर काढलेलं दुखणं



माले गावाहून तपासणीसाठी पुणं गाठायचं, तर बाईचा अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते. मग पोटातला मुरडा, फुगारा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, सगळं ओव्याच्या चिमटीवर भागवलं जातं. महिनोन्‌महिने असं चालत असेल, तर तो ‘आयबीएस’ असू शकतो. यात आतड्याला जखम नसते. त्याची हालचाल आणि संवेदना बिघडते. तपासण्या चांगल्या येतात आणि बाईला ऐकावं लागतं, ‘मनाचे खेळ!’

पाश्चात्त्य देशांत या आजाराच्या रुग्णांत बायका जास्त. भारतीय पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००८ सालच्या अहवालात मात्र सुमारे दोन तृतीयांश रुग्ण पुरुष. आपली पोटं दुखत नाहीत, की आपण दवाखान्यापर्यंत पोचतच नाही?

वेळेवर जेवण, पुरेशी झोप, इसबगोल, चहा-तिखट-तेलकट कमी, याने पुष्कळजणींना आराम पडतो. पण सगळ्यांची पानं वाढून उरलंसुरलं तीन वाजता खाणारीने वेळ आणायची कुठून? तेव्हा पथ्य घराने पाळायचं आहे : तिचं ताट सगळ्यांच्या सोबत.

आणि शौचावाटे रक्त, घटतं वजन, रक्तक्षय किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर मजुरी बुडू द्या, डॉक्टर गाठा.