दोन घटकांचा उजेड

छायाचित्रणावरील कोणतेही पुस्तक उघडले, तरी एक सूचना त्यात हमखास आढळते. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा सुमारे एक तास छायाचित्रकाराने वाया घालवू नये. त्या वेळी ऊन तिरपे येते, सावल्या लांबतात, आणि भर दुपारी रुक्ष वाटणारी भिंतदेखील सोनेरी दिसू लागते. कोल्हापूरकरांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना व जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर महाद्वारातून आत येणारे मावळतीचे किरण अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहण्यासाठी सारे शहर याच घटकेकडे डोळे लावून बसते.

अडचण एवढीच, की जैन घरात ताटे वाढण्याची वेळही नेमकी तीच असते.

शिवाजी पेठेतून रंकाळा पायी दहा मिनिटांवर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. संध्यामठाच्या दगडी खांबांवर ऊन उतरू लागले की माझे पाय तळ्याकडे वळत आणि स्वयंपाकघरातून हाक येई. विवाहानंतरची काही वर्षे हा विषय आमच्या घरात दर रविवारी निघत असे. पत्नी एकदा शांतपणे म्हणाली, “अहो, दिवस मावळायच्या आत दोन घास खायचे की दोन फोटो काढायचे, ते एकदा ठरवा. मुलं माझं ऐकून नाही, तुमच्याकडे बघून शिकतात.” तिला उत्तर मी दिले नाही, ते आईने दिले. ती म्हणाली, “सूर्यास्ताच्या काट्यावर जेवायचं, ही आपण करून घेतलेली सवलत आहे. शास्त्रात दिवसाच्या शेवटच्या दोन घटकाही सोडायला सांगितल्या आहेत. तसं पान आधी वाढलं, तर त्या दोन घटका याला मोकळ्याच मिळतील.”

दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. नियम अधिक कडक केल्यावर छंदाला जागा मिळाली, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. हिवाळ्यातील रविवारी आमच्या घरी पाचच्या आत पंगत उठते आणि त्यानंतरचा उजेड माझा असतो. इतर दिवशी कचेरीतच डबा उघडतो. सहकाऱ्यांना आरंभी नवल वाटे, आता साडेचार वाजले की तेच आठवण करून देतात.

छंदाचा दुसरा पेच कपाटातला. छायाचित्रणाचा नाद लागलेल्या माणसाला चित्रांपेक्षा साधनांचाच मोह अधिक पडतो, हे या क्षेत्रातील कोणीही मान्य करील. दर वर्षी नवा कॅमेरा बाजारात येतो आणि घरातला कालपर्यंत उत्तम असलेला कॅमेरा एका रात्रीत अपुरा वाटू लागतो. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येवरून बांधलेले नाही, मनाच्या मूर्च्छेवरून बांधले आहे. कॅमेऱ्याच्या दुकानातील काचेच्या कपाटापुढे उभे राहिले, की मूर्च्छा हा शब्द किती नेमका आहे ते कळते.

दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी घरातील प्रत्येकाने आपापल्या वस्तूंची यादी करावी आणि पुढील वर्षाची मर्यादा लिहावी, अशी प्रथा आईने आमच्याकडे पाडली आहे. बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार आपण पाठ करतो. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण यांतून पुढे सरकत कॅमेरा कुप्यात धरावा की भांडात, यावर मी आणि मुलीने एकदा पाऊण तास घालवला. निर्णय झाला नाही. यादी मात्र झाली. २००८ साली बाजारात आलेला निकॉन डी-९० हा एक कॅमेरा, १८-१०५ आणि ५० मिलिमीटर अशा दोन लेन्स, एक ट्रायपॉड. नवे काही आले तर जुने कोणाला तरी देऊन टाकायचे. चामड्याचा पट्टा आणि चामडी पेटी तर पूर्वीच बाद झाली होती. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, यॅशिका कॅमेरा मी वापरत नसे, तो कलामहाविद्यालयातील एका विद्यार्थ्याला दिला. त्यांचा आग्फा क्लिक थ्री तेवढा ठेवला. एका रोलवर बारा फोटो देणारा तो साधा डबा आज निरुपयोगी आहे, पण घरातील निम्म्या आठवणी त्याच्या भिंगातून आल्या आहेत. आईने त्या वस्तूपुढे काहीही लिहिले नाही, खोडलेही नाही.

डी-९० चे वय झाले, असे मला भेटणारा प्रत्येक जाणकार सांगतो. त्याची बारा मेगापिक्सेलची क्षमता आजच्या मोबाइलपुढे किरकोळ वाटावी. तरीही दोन फूट रुंदीचे चित्र त्यातून मी छापून घेतले आहे आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीही मेगापिक्सेल विचारले नाहीत.

पुस्तकांच्या फळीवर मात्र मी मर्यादा घातलेली नाही. मुलीने हे बरोबर हेरले. “बाबा, कॅमेऱ्याला मोजमाप आणि पुस्तकांना नाही, हा कुठला न्याय?” या प्रश्नाला ज्ञानोपकरण हा शब्द पुढे करून मी वेळ मारून नेतो. त्या फळीवर आजीच्या हाताळणीने मऊ झालेला रत्नकरंड श्रावकाचार आहे आणि त्याला टेकून अन्सेल ॲडम्स यांचे ‘द निगेटिव्ह’ उभे आहे. या दोन ग्रंथांचा शेजार वरवर विचित्र दिसतो. पण आधी संयम, मग परिणाम, ही दोघांचीही शिस्त आहे. ॲडम्स बटण दाबण्यापूर्वीच अंतिम चित्रातील प्रत्येक छटा मनात पाहायला सांगतात. एका रोलवर बाराच फोटो मिळणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नव्हते.

मला सर्वांत प्रिय असलेले पुस्तक एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचे, ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’. ते १९२७ साली प्रसिद्ध झाले. वाघ मारणे हे शौर्य मानले जात असे, तो हा काळ. संयुक्त प्रांताच्या जंगलात या माणसाने वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत प्रकाश पडे आणि वाघ आपले चित्र स्वतःच काढून पुढे निघून जाई. जिम कॉर्बेट यांना बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळण्याची प्रेरणा चॅम्पियन यांच्या छायाचित्रांतून मिळाली. अहिंसेची दीक्षा कोणाला कोठून मिळेल हे सांगता येत नाही. आपल्या भाषेत तर ‘टिपणे’ हे एकच क्रियापद तिघांसाठी आहे: पाखरू दाणा टिपते, शिकारी पाखरू टिपतो आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘जंगलातील दिवस’ आणि मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ याच फळीवर आहेत. त्यांच्यामुळे एक नियम मी स्वतःला घालून घेतला: घरट्यातील पक्ष्याचा फोटो काढायचा नाही. जवळ गेलेल्या माणसाला भिऊन पक्षीण उडाली, तर तेवढ्या वेळात कावळा अंडी नेऊ शकतो.

येथपर्यंत छंद आणि धर्म यांचे बरे जुळले होते. खरी अडचण एका पावसाळ्यात उभी राहिली. कोल्हापूरच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, हे कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उगवलेल्या बुरशीचा नाश करण्यापेक्षा ती उगवूच नये म्हणून साधने कोरडी ठेवावीत, हा यत्नाचार आम्ही पाळतो. त्या वर्षी अण्णांच्या निगेटिव्हचे डबे उघडले, तेव्हा काहींवर पांढरट जाळे पसरलेले दिसले. आईने विचारले, “काचेवर धुळीच्या आधारानं येत असेल, पण या पट्टीवर बुरशीला खायला काय मिळतं?”

उत्तर होते, जिलेटिन.

फिल्मची पट्टी ही केवळ बैठक असते. प्रकाश टिपणारे चांदीचे क्षार तिच्यावर ज्या पारदर्शक थरात धरून ठेवलेले असतात, तो थर जिलेटिनचा. आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी उकळून काढतात. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने ही युक्ती सुचवली. त्यापूर्वीची ओली काच हाताळताना ईथरच्या वाफांनी त्यांच्या प्रकृतीला त्रास होई. त्याआधीच्या कागदी चित्रांचा इतिहास आपल्याला अधिकच अस्वस्थ करणारा आहे, कारण १८५० पासून अनेक दशके फोटोचा कागद अंड्यातील पांढऱ्या बलकाने माखला जात असे. पुढे १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीतील सॅम्युएल शेपर्ड यांनी एक चमत्कारिक शोध लावला. अतिशुद्ध जिलेटिन वापरले तर फिल्म मंद पडते. मोहरीवर्गातील वनस्पती खाल्लेल्या जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनात गंधकाचा सूक्ष्म अंश राहतो आणि त्यानेच फिल्म प्रकाशाला तत्पर होते. गाय काय चरली, यावर चित्राचा उजेड अवलंबून होता.

आमच्या घरापासून जवळच, खरी कॉर्नरला, कॅमेऱ्याचे स्मारक आहे. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरातच घडवलेल्या चलच्चित्र-कॅमेऱ्याची ती आठवण. त्यांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. यंत्र स्वदेशी झाले, तरी त्यात फिरणारी पट्टी जिलेटिनचीच होती. उटीच्या सरकारी कारखान्यातील ‘इंदू’ फिल्मही त्याला अपवाद नव्हती. दुसरा मार्गच जगात कोणाकडे नव्हता.

आई बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या माजघरात आचार्य शांतिसागर महाराजांचे जुने छायाचित्र आहे. १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतलेल्या या महापुरुषाचे चित्र दक्षिण महाराष्ट्रातील किती जैन घरांत असेल, याची गणती नाही. ज्यांनी आयुष्यभर पिंछीने भूमी झाडून पाऊल टाकले, त्यांचे चित्र हाडांच्या अर्कावर उमटलेले असावे! चार दिवस ती फोटोकडे पाहत होती. पाचव्या दिवशी सकाळी तिने तो पुसला, पूर्ववत टांगला आणि म्हणाली, “संकल्पी हिंसा यात कोणाची नव्हती. झालं ते जपावं. पण कळल्यावर नवं करू नये. मग ती अनुमोदना होते.”

हा निर्णय मला पटतो, आणि तो घरापुरता ठेवू नये असेही वाटते. डिजिटल कॅमेरा आला आणि प्रश्न मिटला, असा आपला समज आहे. कॅमेऱ्यापुरता तो खरा आहे. पण प्रयोगशाळेत यंत्रातून निघणारे रंगीत फोटो आणि लग्नाचे जाडजूड अल्बम आजही पुष्कळदा चांदीच्या क्षारांच्या कागदावर छापले जातात, आणि त्या कागदावरचा थर जिलेटिनचाच असतो. फाईल डिजिटल, छपाई मात्र जुनीच. दह्याचे विरजण कशाचे, याची चौकशी करणारा आपला समाज विवाहाच्या आणि पंचकल्याणकाच्या अल्बमचा कागद कशाचा, हे विचारत नाही. औषधाच्या कॅप्सूलबद्दल निदान काही जण विचारू लागले आहेत.

पर्याय आहे. शाईच्या फवाऱ्याने, म्हणजे इंकजेटवर, छापलेल्या चित्राला चांदीचे क्षार लागत नाहीत. त्यासाठीच्या अनेक कागदांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा सच्छिद्र थर असतो. काही कागदांच्या थरात मात्र जिलेटिन असू शकते, म्हणून कागदाचे नाव विचारून खात्री करून घ्यावी. खर्च थोडा अधिक येतो. शंभर पानांऐवजी तीस पानांचा अल्बम केला, तर तोही निघतो. आणि तीस पानांचा अल्बम पाहुणे शेवटपर्यंत पाहतात. बॅटरी आणि खनिजे यांतील आरंभी हिंसा यानंतरही उरतेच. गृहस्थाच्या वाट्याला निवड येते ती कमी-अधिकाची.

अण्णांच्या निगेटिव्हचे काय करायचे, हे आईच्या निर्णयातच ठरले होते. त्या जपायच्या, पण नव्या प्रती कागदावर काढायच्या नाहीत. सध्या मुलगी आणि मी रविवारी दुपारी दुधी काचेखाली दिवा लावून एकेक पट्टी डी-९० ने टिपतो. त्यासाठी लागणारी एक्स्टेन्शन ट्यूब मित्राकडून मागून आणली आहे. ती माझी नाही, म्हणून यादीत नाही. आईला हा युक्तिवाद मान्य नाही. परवा एका पट्टीत कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्यांवर बसलेली आजी सापडली. मांडीवर डबा उघडा, मान वळवून ती पश्चिमेकडे पाहते आहे. जेवायला वेळ उरला आहे का, याचा अंदाज घेत असावी. अशा पट्ट्यांचे चार डबे अजून शिल्लक आहेत आणि ते मृगापूर्वी संपवायचे आहेत.