आर३४ स्कायलाइनचं इंजिन फुटलं, तर नवा ब्लॉक आणायचा कुठून? विषय वाटतो तेवढा सोपा नाहीये

पॉल वॉकर म्हणलं की डोळ्यासमोर निळी स्कायलाइन येतेच. २००९ च्या ‘फास्ट अँड फ्युरिअस’मध्ये त्यानं चालवलेली निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ ही गाडी २०२३ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलर्सला गेली. आपल्या हिशोबात साधारण ११ कोटी. आता सिनेमातली गाडी म्हणल्यावर भाव चढणारच. पण साध्या आर३४ चे भावही काही कमी वाढलेले नाहीत.

कारण आहे अमेरिकेचा २५ वर्षांचा नियम. तिथल्या सुरक्षेच्या निकषांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की अमेरिकेत आणता येते. आर३४ जीटी-आर जपानमध्ये आली १९९९ ला. म्हणजे २०२४ पासून तिच्यासाठी अमेरिकेचं दार उघडलं. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये निसाननं आर३५ जीटी-आरचं उत्पादनही बंद केलं. आर३४ जीटी-आर बनल्याच मुळात साडेअकरा हजारांच्या आसपास. गिऱ्हाईक वाढलं, गाड्या तेवढ्याच. आणि त्यातल्या सगळ्यात नव्या गाडीचं इंजिनसुद्धा आता वीस वर्षांच्या पुढचं आहे.

या इंजिनाचं नाव आरबी२६. सहा सिलिंडर एका ओळीत, दोन टर्बो, २५६८ सीसी. कागदावर ताकद २८० पीएस, कारण त्या काळी जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवलंच होतं की याच्या वर आकडा छापायचा नाही. प्रत्यक्षात लोकांनी मोठे टर्बो लावून या इंजिनातून दुप्पट, तिप्पट ताकद काढली. एवढा दाब कंपनीनं हिशोबात धरलेलाच नव्हता. मग सिलिंडरच्या भिंतीला तडा जातो आणि गॅरेजवाला सांगतो, ब्लॉक गेला.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा. पिस्टन ज्यात वरखाली होतात ती भोकं यातच, क्रँक यातच बसतो, पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटाही यातच. आरबी२६ चा ब्लॉक बिडाचा, ओतीव. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवणं किती किचकट असतं ते सांगेल.

आता पर्याय बघू.

पहिला म्हणजे जुना ब्लॉक घेऊन बोअर करणं. आरएक्स १०० ला करतात, तेच. मूळ बोअर ८६ मिलिमीटर, तो ८६.५ किंवा ८७ पर्यंत नेतात. पण प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. त्यामुळे घेण्याआधी दोन तपासण्या करायलाच पाहिजेत. एक, अल्ट्रासाउंडनं भिंतीची जाडी मोजणं. दुसरी, चुंबकीय पावडर टाकून डोळ्याला न दिसणारे तडे शोधणं. या न करता ‘एकदम कडक कंडिशन’ ऐकून पैसे दिले, तर पिस्टन, रिंगा, मजुरी असा सगळा खर्च पातळ भिंतीवर उभा राहतो.

दुसरा पर्याय खुद्द निसानचा. निस्मो हेरिटेज नावाखाली कंपनीनं डिसेंबर २०१७ मध्ये आर३२ चे बंद झालेले पार्ट पुन्हा द्यायला सुरुवात केली. पुढे आर३३, आर३४ चेही आले, आणि ब्लॉकही. यात दोन प्रकार. साधा ब्लॉक ओळखला जातो ०५यू या खुणेनं, आणि एन१ नावाचा रेसिंगसाठीचा ब्लॉक २४यू या खुणेनं. खुणा ओततानाच उठवलेल्या असतात. एन१ ला जास्तीच्या फासळ्या असतात आणि तो जास्त ताकद सोसतो. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर आमच्या मते विषय इथंच संपायला पाहिजे.

पण संपत नाही, कारण ऑस्ट्रेलिया. तिथं १९८६ ते ८८ मध्ये होल्डन कमोडोर व्हीएल या घरगुती वापराच्या गाडीत निसानचंच आरबी३० इंजिन यायचं. बोअर तोच ८६, पण स्ट्रोक ७३.७ च्या जागी ८५. म्हणजे २९६२ सीसी. तिथल्या पोरांनी हा ब्लॉक खाली ठेवला आणि वर जीटी-आरचं हेड बसवलं. टर्बो लवकर जागा होतो, खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते. भारी जुगाड! पण ब्लॉक उंच असल्यानं टायमिंग बेल्टपासून पाइपांपर्यंत सगळं बदलावं लागतं. शिवाय जीटी-आर फोर व्हील ड्राइव्ह असल्यानं तिचं ऑइलचं चेंबर या ब्लॉकला थेट बसत नाही, मध्ये प्लेट लागते. आणि हे ब्लॉकही आता चाळिशीला टेकलेत.

चौथा पर्याय अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून मशीनवर कोरून काढलेला ब्लॉक. बुलेट रेस इंजिनिअरिंग, प्लॅटिनम रेसिंग प्रॉडक्ट्स या ऑस्ट्रेलियन कंपन्या असे ब्लॉक बनवतात. हजार-दीड हजार हॉर्सपॉवरचं वेड असेल तर हेच. पण अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे बेअरिंगची फट थंड आणि गरम इंजिनात वेगळी पडते. फिटिंग करणारा हात तयारीचाच पाहिजे. खर्चाचं तर बोलायलाच नको.

एक गोष्ट मात्र कुठलाही ब्लॉक घेतला तरी सुटत नाही. या इंजिनात जास्त आरपीएमला ऑइल हेडमध्येच साचून राहतं, खाली लवकर उतरत नाही. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँक जिथं ऑइल पंपाला फिरवतो ती जागाही अपुरी होती. ते दुरुस्त न करता महागडा ब्लॉक टाकला, तर बेअरिंग पुन्हा जाणार.

राहिला इंजिन नंबर. तो ब्लॉकवरच कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की गाडी आणि इंजिन यांची मूळ जोडी तुटते, आणि लिलावात नेमकी तीच बघतात. भारतात जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे आर३४ आपल्याकडे सरळ मार्गानं येणं अवघडच. पण नंबरचा भाग तुमच्या-आमच्या गाडीलाही लागू आहे. इंजिन बदललं तर आरटीओत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या, नाहीतर विम्याच्या क्लेमला किंवा गाडी विकताना अडकाल. आणि मूळ नंबरचा फुटका ब्लॉक भंगारवाल्याला देण्याआधी दोनदा विचार करा. जीटी-आरवाले तो फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात आणि गाडी विकताना सोबत देतात.