६१७४ चा खेळ रिकामपणाचा नाही

आमचे काका म्हणतात, आकड्यांचे खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, पाढे पाठ कर तेवढे पुरे. मला हे पटत नाही. का पटत नाही ते लिहिते.

६१७४ ची गंमत कापरेकर गुरुजींनी शोधली. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. ते नाशिकजवळ देवळालीला शिकवायचे. मोठ्या कॉलेजात नाही हं, शाळेत! १९४९ साली त्यांनी हा शोध मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला.

खेळ असा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत, कारण ११११ मधून ११११ गेले की उरले शून्य. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर घेऊन परत तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. तिथून हलतच नाही. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४!

मी गुरुजींचे जन्मसाल घेतले. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. मग ८१७२, मग ७४४३. असे करत ६१७४ आला, पण मला नऊ वजाबाक्या लागल्या. मला वाटले, सात म्हणतात ते खोटे आहे. बाई म्हणाल्या, "सातच्या वर गेलीस म्हणजे तुझंच चुकलंय. शोध." या खेळात प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो, म्हणून अंकांची बेरीज करून बघायची. ९३५१ ची १८, ठीक. ८१७२ ची १८. ७४४३ ची पण १८. पुढच्या ४९९६ ची आली २८. सापडली चोरी! ७४४३ वजा ३४४७ करताना मी शेवटचा हातचा विसरले होते. उत्तर ३९९६ पाहिजे. ते दुरुस्त केले आणि बरोबर सात झाल्या.

म्हणजे मधे चुकले तरी ६१७४ येऊ शकतो. नुसता तो आला म्हणून खूश व्हायचे नाही, वजाबाक्या मोजायच्या.

अजून एक. ६, १, ७, ४ यांची बेरीज १८, आणि ६१७४ ला १८ ने पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना गुरुजींनीच हर्षद संख्या नाव दिले. भागाकार ३४३ येतो, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात.

माझे मत असे की हातच्याची वजाबाकी याच खेळाने शिकवावी. फळ्यावर सगळ्यांना एकच उदाहरण असते, मग शेजारच्याच्या वहीत डोकावतात. इथे ज्याची त्याची संख्या वेगळी. बघून काय उपयोग? तिसरीतल्यांनी तीन अंकी संख्या घ्यावी, त्यांचा ४९५ येईल. आणि काका कांद्याची पट्टी आणली की हिशेब दोनदा करतात, त्याला कोणी रिकामपणा म्हणत नाही.

पालकांसाठी खाली कोरा कागद लावला आहे. पेन्सिल दोरीला बांधली आहे. काका आले तर त्यांनी आपल्या गाडीचा नंबर घ्यावा.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी