अडचणीचे आकडे

पिंपळे सौदागरमध्ये आज घर घ्यायचे तर चौरस फुटाचा भाव विचारावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी तिथली भाषा एकर-गुंठ्यांची होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पवनाकाठच्या या गावाची घरवार, शेतवार पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, डोक्यावर कर्ज किती, खाणारी तोंडे किती, असे सगळे त्यात होते. जुन्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्यावर मान यांना दिसले की १७७१ मध्ये या गावात सरासरी खाते ४० एकरांचे होते आणि १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते. इंग्रजी अमलात दख्खनची रयत सुखाला लागली, असे मानणाऱ्यांना पचणारा हा आकडा नव्हता. गंमत अशी की तो मांडणारा माणूस सरकारी नोकरीतला इंग्रजच होता.

या देशाबद्दलचे जे आकडे खरोखर कामाला आले, ते बहुतेक असेच निघतात. ते कोणाला ना कोणाला अडचणीत आणणारे होते.

पहिले मोठे उदाहरण दादाभाई नौरोजींचे. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या या माणसाने सरकारचेच पिकांचे अहवाल घेतले, प्रांतवार बेरजा केल्या आणि १८६७-६८ साली हिंदुस्थानातल्या माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला २० रुपये असल्याचे सांगितले. १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी त्याला आणखी एक जोड दिली. तुरुंगातल्या कैद्याला जेवढे अन्नवस्त्र मिळते, तेवढेही या उत्पन्नात भागत नाही! भाषणाकडे काणाडोळा करता येतो, बेरजेकडे करता येत नाही. सरकारलाही उत्तर द्यावे लागले आणि तेही आकड्यानेच. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर या सरकारी अधिकाऱ्यांनी माणशी २७ रुपयांचा अंदाज काढला. वीस खरे की सत्तावीस, हा वाद पुढे रंगला. पण देश गरीब आहे की नाही, हा वाद तिथेच संपला होता.

स्वातंत्र्यानंतर ही शिस्त सरकारने स्वतःला लावून घेतली, हे आजही विशेष वाटते. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. प्रशांतचंद्र महालनोबीस तिचे अध्यक्ष होते. धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य होते. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. १९५१ मध्ये साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, धान्याची आणि जमिनीची मापे मुलखागणिक बदलत होती, जमाखर्च लिहून ठेवणारे घर विरळे. अशा देशात मोजकी गावे शास्त्रीय पद्धतीने निवडायची, तिथल्या निवडक घरांत जाऊन काय खाल्ले, काय विकत आणले ते विचारायचे आणि त्यावरून अख्ख्या देशाचे चित्र काढायचे, हे धाडसच होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या अनेक देशांना असे काही सुचलेही नव्हते.

या पाहणीच्या आकड्यांवरच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत बसून दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणसाला रोज २२५० उष्मांक हवेत. तेवढे मिळण्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च करण्याची ऐपत हवी. ही ऐपत नसलेले लोक खेड्यात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के. हे सारे जानेवारी १९७१ मध्ये छापून आले. त्यानंतर दोन महिन्यांतच ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर लोकसभेची निवडणूक झाली. घोषणा करणाऱ्यांना नेमकी किती गरिबी हटवायची आहे, हे त्या लेखांनी सांगून ठेवले होते.

दांडेकर-रथ यांचा रोख उपायावरही होता. गरिबाला काम द्या, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हाच विचार वेगळ्या वाटेने आधीपासून मांडत होते. १९७२-७३ चा दुष्काळ आला तेव्हा मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २००५ मध्ये देशाने तो धडा उचलला. एका लेखामुळे एक योजना झाली, असा सरळ हिशेब कोणी मांडू नये. पण गरिबांची संख्या उघड्यावर आली नसती, तर कामाची मागणी भीक मागितल्यासारखी दिसली असती.

आणि दांडेकर-रथ यांच्या या आकड्यावर वादही झाला, तोही घरचाच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत मोठ्या पदावर काम करून आलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे म्हणणे होते की सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक माणूस उपाशी ठरत नाही. एकाच माणसाची गरज रोज कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत ती सांभाळून घेते. दांडेकरांना हे बिलकूल मान्य नव्हते. दोघांनी वर्षानुवर्षे छापील पानांवर एकमेकांची गणिते सोलून काढली. संख्याशास्त्र न कळणाऱ्याने ते लेख वाचू नयेत इतके ते कठीण आहेत. मात्र दोघांनाही एकच सरकारी आकडेवारी उपलब्ध होती आणि ती कोणी अडवून ठेवलेली नव्हती. आज त्या काळाचा हेवा वाटतो तो यासाठी.

मोजण्याचे काम सरकारच करते असेही नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या गावांत एक साधे, पण कोणी न केलेले काम हाती घेतले. जन्मलेले आणि मेलेले प्रत्येक मूल लिहून ठेवायचे. १९८८ च्या सुमारास त्या गावांतला बालमृत्युदर हजार जन्मांमागे १२१ निघाला. बाळंतपण घरी, मरणही घरी, नाव ठेवण्याआधीच गेलेले मूल. त्याची नोंद ग्रामपंचायतीत करायला जाणार कोण? नोंद नाही म्हणून मृत्यू नाही, आणि मृत्यू नाही म्हणून डॉक्टरही नाही. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवण्यात आले. ३९ गावांतल्या या प्रयोगाने तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला. २००१ मधल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने हीच गोष्ट राज्याच्या पातळीवर नेली. महाराष्ट्रातली कितीतरी बालके सरकारी दप्तराला न कळताच जातात, हे त्याने दाखवून दिले. विधिमंडळात गदारोळ झाला, सरकार अडचणीत आले आणि शेवटी राज्याला समिती नेमावी लागली. तिच्या अध्यक्षपदी डॉ. अभय बंगच होते. २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासू लागल्या, त्यामागे गडचिरोलीतल्या त्या नोंदवह्या आहेत. भारताचा बालमृत्युदर १९७१ मध्ये १२९ होता, २०२३ मध्ये तो २५ झाला.

बीडची गोष्टही तीच. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे तिथे ८०७ मुली निघाल्या; दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा आधीपासून होता. सोनोग्राफी केंद्रांवर खरे छापे मात्र त्या आकड्यानंतर पडले. त्याच जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल कोयत्याला मिळते, बाईला वेगळी नाही. २०१९ मध्ये राज्याच्या समितीने ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांना पहिल्यांदाच वेगळे विचारले, तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे बाहेर आले. तोवर त्या कोयत्याच्या आत होत्या.

आता अलीकडच्या वर्षांकडे यावे लागते. २०१७-१८ ची कुटुंब खर्चाची पाहणी झाली, पण आकडे दर्जाला उतरत नाहीत असे सांगून सरकारने ती जाहीरच केली नाही. त्याच वर्षीच्या बेरोजगारीच्या अहवालाला उशीर झाला, तेव्हा राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. अहवाल निवडणूक आटोपल्यावर आला, बेरोजगारी ६.१ टक्के. मग करोना आला आणि २०२१ ची जनगणना लांबली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, महायुद्ध चालू असतानाही झालेली मोजणी पहिल्यांदाच चुकली. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पूजतात ती वर्षभर लिहिण्यासाठी. देशाची वही मात्र २०११ पासून कोरीच राहिली.

याची किंमत कोणी मोजली? राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा खेड्यातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना धान्याचा हक्क देतो. पण हे टक्के काढले जातात २०११ च्या लोकसंख्येवर. म्हणून देशाचा आकडा सुमारे ८१ कोटींवर आणि महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, सुमारे ७ कोटींवर अडकून बसला. लोकसंख्या वाढली, इष्टांक वाढला नाही. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्येच हिशेब दिला होता की यामुळे १० कोटींहून अधिक लोक धान्याबाहेर राहतात. रेशन दुकानात ‘इष्टांक पूर्ण झाला’ असे ऐकून परत फिरणाऱ्या सुनेला जनगणना म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. खर्चाची पाहणी २०२२-२३ आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा झाली आणि तिचे तपशील खुले झाले. जागतिक बँकेच्या हिशेबाने अतिदारिद्र्यातले भारतीय २०११-१२ मधल्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आले. पाहणीची पद्धत बदलल्यामुळे दोन टोकांची तुलना जपून करावी लागते, तरी सुधारणा मोठी आहे यात शंका नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी निघाली, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघाले. दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत. पहिला जाहिरातीत झळकतो, दुसऱ्याच्या पद्धतीवर शंका काढली जाते. विरोधी पक्षांचे नेमके उलटे. आणि वाचकही आपल्या बाजूचा आकडा मोबाइलवर पुढे ढकलून मोकळा होतो.

काही आकडे तर बनतातच दिलासा देण्यासाठी. २०२३ च्या वन अहवालात देशाचा २५.१७ टक्के भाग वन आणि वृक्षाच्छादनाखाली दाखवला आहे. वनाची व्याख्या अशी की एक हेक्टर जागेवर झाडांच्या माथ्यांची सावली १० टक्के असली की पुरे. जमीन कोणाची, झाड कोणते, हे पाहायचे नाही. म्हणजे कोकणातला डोंगर बोडका करून त्यावर हापूस किंवा काजू लावला तरी काही वर्षांत तो पुन्हा वनात जमा. उपग्रहाला ऐन-किंजळाचे रान आणि बागायतदाराची कलमे सारखीच हिरवी दिसतात. शेकरूला तसे दिसत नाही.

याउलट हिवरे बाजार. तिथे गावच पाऊस मोजते, विहिरींची पातळी मोजते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते. पाणी कमी पडणार असे दिसले तर कोणती पिके घ्यायची नाहीत, हे तिथेच ठरते. स्वतःलाच अडचणीत आणणारा आकडा दरवर्षी काढणारी अशी गावे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

बायकांच्या कामाचा प्रश्न सर्वांत अवघड. पंधरा वर्षांवरील बायकांचे श्रमबाजारातले प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झाले. आनंदाची बातमी खरीच. पण या वाढीत घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्या काम आधीही करत होत्या. २०२४ च्या कालवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८. शेतीत बायका सर्वत्र दिसतात, पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्याकडची वहिती खाती सुमारे १४ टक्केच होती. सातबारावर नाव नाही, म्हणून कर्ज नाही, विमा नाही आणि सरकारच्या लेखी ती शेतकरीही नाही.

जनगणना आता होत आहे. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. जनगणनेत १९३१ नंतर पहिल्यांदाच सर्व जाती मोजल्या जातील, प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाइल असेल. जातीच्या रकान्यावरून वादळे उठतील आणि बाकीचे प्रश्न त्यात वाहून जातील, अशी भीती आहे. आकडे वेळेवर, पूर्ण आणि गैरसोयीचे असले तरी जाहीर व्हावेत, ही मागणी सर्व पक्षांकडे करत राहावी लागेल. वाचकांकडे मागणे छोटे आहे. १९९१ पासून जनगणनेतल्या कामाच्या प्रश्नात घरच्या शेतातले किंवा धंद्यातले बिनमोबदला कामही धरले जाते. प्रगणक दारात आल्यावर घरातला पुरुष सवयीने ‘ती घरीच असते’ म्हणून टाकतो. या वेळी त्याने बाजूला व्हावे आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिला देऊ द्यावे.