गाडीच्या कप्प्यातलं स्वस्त पिस्तूल आणि अमेरिकेत शिकणारी आपली मुलं

काही दिवसांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलाच्या अम्मी भेटायला आल्या. मुलगा टेक्सासमध्ये एम.एस. करतोय. अम्मींनी मोबाईल पुढे केला. फोटोत गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा उघडा होता आणि आत कागदपत्रांवर काळं पिस्तूल पडलेलं होतं. खाली मुलाचा मेसेज होता : रूममेटचं आहे, अडीचशे डॉलरला मिळालं, रात्री उशिरा परतताना बरं वाटतं.

अम्मींनी एकच विचारलं, "सर, हे तिथे चालतं का?"

आम्ही कायद्याचे वकील नाही. पण आज कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आपल्या समाजातली किती तरी मुलं शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आहेत. त्यामुळे हा सवाल एका घरापुरता राहत नाही. तिथल्या बंदुकीच्या बातम्या आपण टीव्हीवर बघतो आणि चॅनल बदलतो. आता बातमी आपल्या फॅमिली ग्रुपवर आली आहे, तेव्हा ती नीट समजून घेतलेली बरी.

भीती खोटी नाही

आधी एक गोष्ट कबूल करू. मुलांना वाटणारी भीती उगाच नाही. 2015 च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथे तीन तरुण मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यांच्याच शेजाऱ्याने घरात घुसून गोळ्या घातल्या. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात पॅलेस्टिनी वंशाच्या तीन विद्यार्थ्यांवर रस्त्यात गोळीबार झाला. अशा बातम्या वाचून एखाद्याला "आपल्याजवळही काहीतरी असावं" असं वाटलं, तर त्याला वेड्यात काढून चालणार नाही.

त्यात तिथे पिस्तूल मिळणं सोपं. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना काढायचा म्हणजे पोलीस चौकशी, कारण पटवणं आणि महिनोन् महिने वाट बघणं. तिथे बऱ्याच राज्यांत दुकानात ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा, दुकानदार सरकारी यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो आणि अनेकदा त्याच दिवशी पिस्तूल हातात पडतं. 2021 च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये 21 वर्षांवरच्या बहुतेक लोकांना पिस्तूल सोबत बाळगायला वेगळा परवानाही लागत नाही. 2024 पर्यंत अशी 29 राज्यं झाली.

पिस्तूल गाडीत का राहतं?

गफलत इथून सुरू होते. पिस्तूल सोबत ठेवायची मुभा मिळाली, तरी ते सगळीकडे आत नेता येत नाही. शाळा, पोस्ट ऑफिस, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, बरीचशी ऑफिसं, अनेक मशिदी आणि चर्च, सगळीकडे मनाई. मग माणूस काय करतो? कप्प्यात टाकतो, नाही तर सीटखाली सरकवतो, गाडी लॉक करतो आणि आत जातो. चोरालाही हे पक्कं ठाऊक असतं.

अमेरिकेच्या केंद्रीय शस्त्र नियंत्रण खात्याच्या अहवालानुसार 2017 ते 2021 या पाच वर्षांत सामान्य नागरिकांकडच्या दहा लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्याची नोंद झाली. शहरांच्या आकडेवारीचा अभ्यास करणारे सांगतात की आता या चोऱ्यांचं सगळ्यात मोठं ठिकाण घर नसून गाडी आहे. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहराचे पोलीस तर गाड्यांतून किती बंदुका गेल्या याचा आकडा वेळोवेळी जाहीर करून लोकांना बजावतात.

चोरीला गेलेलं पिस्तूल कपाटात पडून राहत नाही. 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका केंद्रीय अधिकाऱ्याच्या गाडीची काच फोडून त्याचं पिस्तूल पळवलं गेलं. काही दिवसांतच त्याच पिस्तुलाच्या गोळीने बंदरावर वडिलांसोबत फिरणारी एक तरुणी मेली. पिस्तूल सरकारी होतं, बाळगणारा प्रशिक्षित होता, पण गाडीत ते नीट बंद करून ठेवलेलं नव्हतं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा कडक केला : उभ्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर डिकीत कुलूपबंद किंवा कुलपाच्या पेटीत, आणि हा नियम पोलिसांनाही लागू.

कोलोरॅडोत 1 जानेवारी 2025 पासून असाच कायदा आहे. गाडी सोडून जाताना पिस्तूल टणक, कुलूपबंद पेटीत हवं, पेटी बाहेरून दिसता कामा नये आणि गाडीही लॉक हवी. एका राज्यातून दुसऱ्यात पिस्तूल नेण्याबाबतच्या केंद्रीय कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की पिस्तूल रिकामं हवं, आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर ते कुलूपबंद पेटीत हवं, पण डॅशबोर्डचा कप्पा ही पेटी म्हणून चालणार नाही. म्हणजे फोटोतला तो कप्पा कायद्याच्या नजरेतही कुलूप नाही.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

आता अडीचशे डॉलरची गोष्ट. तिथे दोनशे-तीनशे डॉलरला नवं पिस्तूल मिळतं. स्वस्त आहे म्हणून ते वाईटच, असं नाही. पण किमतीच्या चिठ्ठीवर काही गोष्टी लिहिलेल्या नसतात.

पहिली गोष्ट, हातातून पडल्यावर ते आपोआप सुटतं का? कॅलिफोर्नियात दुकानातून विकायच्या नव्या पिस्तुलाला आधी पाडून बघण्याची चाचणी पार करावी लागते आणि अशा मंजूर पिस्तुलांची सरकारी यादी असते. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यालाही ती यादी बघता येते. दुसरी गोष्ट, चेंबरमध्ये गोळी आहे की नाही हे बाहेरून कळतं का? तिसरी, चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून खटका आहे का?

आणखी एक गैरसमज, जो मोठ्या माणसांनाही असतो. मॅगझिन बाहेर काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. चेंबरमध्ये एक गोळी उरू शकते आणि मॅगझिन नसतानाही बरीच पिस्तुलं ती झाडतात. "मला वाटलं रिकामं आहे" हे वाक्य तिथल्या अपघातांच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतं.

म्हणून हिशेब असा करायला हवा : पिस्तूल, अधिक गाडीच्या सीटच्या लोखंडी पायाला जाड तारेने बांधता येणारी कुलपाची पेटी, अधिक घरातली पेटी, अधिक प्रशिक्षणाची फी. गाडीतली साधी पेटी पिस्तुलाच्या मानाने किरकोळ पैशांत येते. ज्याला पिस्तूल परवडतं पण पेटी परवडत नाही, त्याला खरं तर पिस्तूलही परवडत नाही. आणि पेटी ही पार्किंगपुरतीच. रात्री गाडी दारात उभी असताना पिस्तूल आत ठेवायचं नाही, कारण बऱ्याच चोऱ्या घरासमोरच होतात. पिस्तुलाचा नंबर लिहून ठेवायचा आणि चोरी झाली तर लगेच पोलिसांत कळवायचं. काही राज्यांत ते कायद्यानेच बंधनकारक आहे.

आपल्या मुलांसाठी वेगळा कायदा

हे सगळं रूममेटसाठी झालं. अम्मींच्या मुलाचं काय? हा भाग पालकांनी दोनदा वाचावा.

विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते सर्वसाधारण विद्यार्थ्याला लागू होत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. राज्य टेक्सास असो की कुठलंही, "इथे सगळ्यांना चालतं" हे म्हणणं आपल्या मुलाच्या कामाचं नाही. 2022 च्या कायद्यानंतर या गुन्ह्याला 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि वर देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार.

पिस्तूल स्वतः विकत घेतलं तरच गुन्हा, असंही नाही. मित्राच्या पिस्तुलाचा फोटो काढणं गुन्हा नव्हे. पण पिस्तूल आत आहे हे माहीत असताना तीच गाडी मुलगा चालवत असेल, तर ते त्याच्या ताब्यात होतं का, हा सवाल पोलीस विचारू शकतात. रस्त्यात गाडी थांबवली आणि मुलाने कागद काढायला तोच कप्पा उघडला, तर पुढे काय होईल याचा विचारही नको वाटतो.

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट मनात सलते. 2023 च्या 6 जानेवारीला व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथे सहा वर्षांच्या मुलाने दप्तरातून आईचं पिस्तूल आणून पहिलीच्या वर्गात आपल्या बाईंवर गोळी झाडली. बाई वाचल्या. पिस्तूल दुकानातून रीतसर घेतलेलं होतं. आईला तुरुंगात जावं लागलं. त्या वयाची मुलं आमच्यासमोर रोज बसतात. त्यांच्या दप्तरात काय येतं, हे घरातलं कपाट आणि गाडीतला कप्पा ठरवतो.

2022 मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे 48 हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. परक्या मुलखात एकटा राहणारा, परीक्षेच्या आणि नोकरीच्या ताणातला मुलगा असेल, तर हाताशी असलेलं पिस्तूल सगळ्यात आधी त्याच्यासाठीच धोक्याचं असतं. हेही पालकांनी लक्षात ठेवावं.

अमानत

आपल्याकडे याची शिकवण जुनी आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचं टोक हातात धरावं, कुणाला चुकून लागू नये, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावल्याचं हदीसमध्ये येतं. मनात वाईट हेतू नसला तरी जबाबदारी सुटत नाही, हा त्यातला धडा आहे. उघड्या कप्प्यातलं पिस्तूल म्हणजे टोक बाहेर ठेवलेला बाणच.

अम्मींना आम्ही सांगितलं : रागावू नका, नाही तर पुढचा फोटो तुम्हाला दिसणार नाही. आधी विचारा की रात्री परतताना कसली भीती वाटते. बहुतेक विद्यापीठांत रात्री मुलांना खोलीपर्यंत सोडायची सोय असते, ती घेतोस का, ते विचारा. मग व्हिसाचा नियम सांगा आणि युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन खात्री करून घ्यायला सांगा. त्या गाडीत पिस्तूल असेपर्यंत ती चालवू नकोस, हे मात्र ठामपणे सांगा. आणि रूममेटला कुलपाच्या पेटीबद्दल मित्र म्हणून सांग, म्हणावं.

त्यांनी तिथेच बसून मेसेज लिहिला. संध्याकाळी उत्तर आलं, "अम्मी, व्हिसाचं मला माहीतच नव्हतं."

ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी या रविवारी व्हिडिओ कॉलवर जेवणाखाण्याची चौकशी झाली की हेही विचारावं : बेटा, तू कुणाच्या गाडीत बसतोस, आणि त्या गाडीत काय आहे?